डॉक्टरसाहेब, आधी आमची रोवणी पाहा

प्रति,
गोंदिया आणि नागपूर येथील अस्थिरोगतज्ज्ञ, मणक्याचे शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट

सन्माननीय डॉक्टरसाहेब,


मी बालाघाटचा. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे आणि घरची थोडी धानाची शेती पाहतो. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमच्या राज्याची राजधानी होती. पुढे राज्याची सीमा आखली गेली, राजधानी भोपाळला गेली, पण दुखण्याची वाट तीच राहिली. आजही आमच्याकडचा माणूस कंबर धरून घरातून निघाला की रजेगावचा पूल ओलांडून गोंदियाला येतो आणि तिथं भागलं नाही तर नागपूर गाठतो. म्हणून हे पत्र भोपाळला न लिहिता आधी तुम्हाला लिहितोय. तुमच्या हाताला यश आहे, हे आम्ही पाहिलंय. तरी मनात काही तक्रारी साचल्या आहेत, त्या आज मोकळेपणानं मांडतो.

गेल्या श्रावणात आमच्या बांधीत रोवणीला येणाऱ्या एक बाई ओसरीवर आल्या. खांबाला हात देत हळूहळू टेकल्या. हातात प्लास्टिकची मोठी पिशवी, पिशवीत एमआरआयची फिल्म. ती त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, “गुरुजी, यात गॅप कुठं आहे ते दाखवा.” तीन आठवड्यांपूर्वी कमरेत चमक भरली होती, आता डाव्या पोटरीपर्यंत कळ जात होती. ऑपरेशन करून घ्या, असा सल्ला मिळाला होता. ते आयुष्मान कार्डावर होईल की म्हैस विकावी लागेल, याची घरात बोलणी चालली होती. मला फिल्म वाचता येत नाही, पण सोबतचा कागद वाचला. नाव, वय, आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: हाउसवाइफ.

त्या शब्दापाशी मी अडलो. या बाई मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात आणि पाऊस पडला की महिनाभर चिखलात वाकून धान रोवतात. कंबर का दुखते याचं निम्मं उत्तर त्यांच्या कामात होतं आणि कागदावर नेमकं तेच नव्हतं.

हे मला इतकं लागलं त्याचं कारण माझ्या स्वतःच्या कमरेत आहे. काही वर्षांपूर्वी माझीही मणक्यातली गादी सरकली होती. नागपूरच्या एका दवाखान्यात फिल्म दिव्यावर लावून दोन मिनिटांत निकाल मिळाला: ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल. भीतीनं रात्रभर झोप लागली नाही. सुदैवानं दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाय तपासला, अंगठ्याची ताकद पाहिली आणि मला एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, “गुरुजी, दिवसभर तुम्ही कसे बसता?” मी बसून दाखवलं: खाली घोंगडी, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, पाठ धनुष्यासारखी. मग त्यानं मला पालथं झोपवलं, हळूहळू कोपरांवर उठवलं. आठवडाभरात पोटरीतली कळ मांडीत आली, मग नुसती कमरेत उरली. कळ पायातून वर सरकते आहे ही चांगली खूण आहे, हे मला त्यानंच सांगितलं. अडीच महिन्यांत मी सायकलवर बसलो. एका माणसाच्या अनुभवानं शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. पण तेव्हापासून या विषयावर जे मिळालं ते वाचत आलो.

वाचताना एक गोष्ट सतत समोर आली. ऑपरेशनशिवाय गादीचं दुखणं कसं बरं करावं, यावर गोल्फ खेळणाऱ्यांसाठी भरपूर लिहिलं गेलंय. एका फटक्यात कमरेच्या मणक्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. म्हणून तिथला फिजिओथेरपिस्ट आधी खेळाडूचा फटका पाहतो. खुब्याचा सांधा नीट वळतो का, नसेल तर तो पीळ कमरेवर येतो का, हे तपासतो. मग फटका थोडा बदलतो, खुबा मोकळा करतो, पोट आणि पाठीचे स्नायू बळकट करतो. टायगर वूड्ससारख्या खेळाडूच्या पाठीवर २०१४ मध्ये पहिलं ऑपरेशन झालं, २०१५ मध्ये आणखी दोन, २०१७ मध्ये मणके जोडण्याचं चौथं. त्यानंतर २०१९ मध्ये त्यांनी मास्टर्स स्पर्धा जिंकली, ही शल्यचिकित्सेची मोठी कामगिरी आहे. पण त्यांनाही पुढे पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागलं. जगातले उत्तम डॉक्टर दिमतीला असताना एका ऑपरेशननं विषय संपला नाही, मग रोजंदारीच्या बाईचा कसा संपेल? खेळाडूच्या उपचाराची सुरुवात त्याच्या फटक्यापासून होते. आमच्या उपचाराची सुरुवात आमच्या रोवणीपासून व्हावी, एवढंच मला म्हणायचंय. आता तक्रारी एकेक करून सांगतो.

पहिली तक्रार शब्दांची आहे. “मणक्यात गॅप आहे”, “गादी फाटली”, “नस दबून सुकत चालली” ही वाक्यं तुमच्या तोंडून सहज निघतात आणि आमच्या घरात वर्षानुवर्षं राहतात. त्या बाईंनी नातवाला उचलणं सोडलं होतं. शिंक आली तरी घाबरत होत्या. मणका निसटून पडेल, असं त्यांना वाटत होतं. गादी म्हणजे दोन मणक्यांमधलं चिवट धाग्यांचं कडं आणि आतला मऊ गर. गर मागं ढकलला गेला आणि शेजारच्या शिरेला लागला की पायात कळ जाते. एवढं सांगायला एक मिनिट लागतं. आणखी एक गोष्ट सांगता येते, जी मला फार उशिरा कळली: बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेऊ शकतं. मोठा तुकडा बाहेर पडला असेल तर तो विरण्याची शक्यता उलट जास्त असते. हे ऐकलेला रुग्ण वेगळ्या चालीनं घरी जातो.

दुसरी तक्रार एमआरआयची आहे. कंबर मुळीच न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, पन्नाशीत हे प्रमाण ६० टक्के होतं आणि ऐंशीत ८४ टक्के. ही सगळी धडधाकट माणसं होती. म्हणजे फिल्मवर फुगलेली गादी दिसणं हे केस पिकण्यासारखंही असू शकतं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मग अहवाल हातात देताना ते आम्हाला का सांगत नाही? आधी फिल्म, मग तपासणी, हा क्रम उलटा आहे. पाय उचलून पाहा, पावलाची ताकद पाहा, आणि फिल्मनं उपचार बदलणार असतील तेव्हाच ती काढा. त्या पैशात फिजिओथेरपिस्टकडच्या कितीतरी फेऱ्या होतात.

तिसरी तक्रार सल्ल्याची आहे. “वाकू नका, वजन उचलू नका, महिनाभर झोपून राहा.” धानाच्या गावात हा सल्ला कोण पाळणार? आणि पाळला तरी लाभ काय? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या हॉलंडच्या एका अभ्यासात सायटिकाच्या, म्हणजे पायात कळ जाणाऱ्या, रुग्णांच्या एका गटाला दोन आठवडे अंथरुणावर ठेवलं, दुसऱ्या गटाला झेपेल तसं हिंडू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतले ८७ टक्के रुग्ण सुधारले होते. झोपून राहिल्यानं काही जास्त मिळालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात समजावून सांगणं आणि व्यायाम यांची शिफारस आहे. पट्टा आणि ट्रॅक्शन नियमित वापरू नका, असंही म्हटलंय. आमच्या गावात मात्र खुंटीला पट्टा टांगलेला नाही असं घर शोधावं लागेल.

चौथी तक्रार सर्वांत जिव्हाळ्याची. आमचं काम तुम्ही पाहिलेलं नाही. रोवणी कशी होते ते सांगतो. पाय पोटरीपर्यंत चिखलात, खुबे वर, पाठ पाण्याला समांतर. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी आणि तो हात डाव्या गुडघ्यावर टेकवलेला. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पेंढीतून रोपं सोडवतात आणि चिखलात दाबतात. मग एक पाऊल मागं. गाणी सुरू असतात, रांग मागं सरकत असते, धुऱ्यावर पोचेपर्यंत कोणी ताठ होत नाही, कारण एकटी उभी राहिली तर रांग मोडते. गुत्त्यानं काम घेतलं असेल तर उभं राहण्याचं प्रत्येक मिनिट मजुरीतून जातं. पुढं वाकल्यावर गादीतला दाब किती वाढतो, हे स्वीडनच्या आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून मोजलं होतं. आमच्या बायका तो दाब तासन् तास सोसतात. भरवेली, उकवा, तिरोडीच्या मँगनीज खाणीतले कामगार आणि मलाजखंडचे डंपरचालक यांची गोष्टही वेगळी नाही. तिथं ओझ्याला हादऱ्यांची जोड मिळते.

या कामात काय बदलता येईल, हे शास्त्रानं सांगितलेलं आहे, फक्त ते बांधीपर्यंत पोचलेलं नाही. रात्री झोपेत गादी पाणी शोषून फुगते, म्हणून सकाळी उठल्या उठल्या वाकलं की तिच्यावर ताण जास्त येतो. १९९८ च्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांनी नुसतं पहाटेचं वाकणं टाळलं आणि त्यांचं दुखणं कमी झालं. आमच्याकडची बाई उठते ती थेट शेण काढायला, अंगण सारवायला, पाणी भरायला. “पहिला तासभर शक्यतो वाकू नका, ती कामं जरा उशिरा करा किंवा घरातल्या पुरुषाला सांगा,” हे एक वाक्य औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येतं. दुसरी गोष्ट, बराच वेळ वाकून राहिल्यावर पाठीच्या मागचे बंध सैल पडतात आणि ते लगेच पूर्ववत होत नाहीत. म्हणून रोवणी थांबवून सरळ पेंढ्यांचा भारा उचलणं धोक्याचं. मध्ये दोन मिनिटं ताठ उभं राहायचं, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागं झुकायचं. मागं झुकण्याच्या या व्यायामाची पद्धत न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांच्या नावानं ओळखली जाते. १९५६ मध्ये त्यांचा एक रुग्ण चुकून डोक्याकडून उंच केलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि पाच मिनिटांत त्याच्या पायातली कळ गेली, तिथून ती सुरू झाली. ज्याला मागं झुकल्यावर कळ पायात उतरते त्यानं ती करू नये, हेही सांगायला हवं. ते कोणी ठरवायचं? त्यासाठीच तर तुम्ही हवे आहात.

पाचवी तक्रार व्यायामाच्या कागदाची. इंग्रजीत छापलेला, बारा चित्रांचा, गादीवर झोपलेल्या गोऱ्या माणसाचा कागद आमच्या हातात पडतो. आमच्याकडे लोक मराठी बोलतात, हिंदी बोलतात, पोवारी बोलतात, बैहरकडे गोंडी बोलतात. बारा व्यायाम कोणी करत नाही. तीन द्या, पण करून घ्या. पुढच्या भेटीत “करून दाखवा” म्हणा. आणि चालायला सांगा. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ज्यांनी हळूहळू वाढवत नियमित चालणं ठेवलं, त्यांचं दुखणं साधारणपणे २०८ दिवसांनी परतलं. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं ११२ दिवसांनी. चालायला ना यंत्र लागतं ना नागपूरचं तिकीट.

सहावी तक्रार पैशाची आहे आणि ती एकट्या तुमच्याकडून सुटणारी नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण दवाखान्यात भरती झालं तरच. बाहेरून येऊन घेतलेली फिजिओथेरपी त्यात बसत नाही. परिणाम असा की गरीब माणसाला ऑपरेशन फुकट आणि व्यायाम शिकणं महाग. बालाघाटहून गोंदिया चाळीसेक किलोमीटर. आठवड्यातून तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि भाडं. चौथ्या फेरीला माणूस येत नाही आणि कागदावर लिहिलं जातं की बिगर-शस्त्रक्रिया उपचाराला गुण आला नाही. तो उपचार झालाच कुठं होता?

माझं म्हणणं ऑपरेशनच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो. लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल लटकू लागलं, तर घरी थांबणं हा गुन्हा आहे. त्याच दिवशी तुमच्याकडे यायला हवं. ताप, वजन घटणं, रात्री न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयही पाहायला हवा. आणि असह्य कळ महिनोन् महिने हटत नसेल तर ऑपरेशन हा चांगला मार्ग आहे. २००७ मध्ये हॉलंडमधल्या तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला. दुसऱ्या गटाला थांबवून ठेवलं. त्यातल्या ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन लागलंच. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के रुग्ण बरे होते. रोजंदारीवरच्या माणसासाठी लवकर आराम पडण्याला मोल आहे, हे मी नाकारत नाही. कोणी हे सगळं ऐकून ऑपरेशन निवडलं तर तो त्याचा हक्क आहे. पण दोन्ही वाटा त्याला दाखवलेल्या असाव्यात. “नाहीतर पाय जाईल” असं म्हणून घेतलेल्या होकाराला मी निवड म्हणत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात खरं काम लिहा: रोवणी, खाण, डंपर, तेंदूपत्ता. धोक्याच्या खुणा नसतील तर सहा ते बारा आठवडे नीट उपचारांना द्या, आणि त्या काळात औषध, गरज पडल्यास शिरेजवळचं इंजेक्शन आणि व्यायाम यांची सांगड घाला. धोक्याच्या खुणा मराठी-हिंदीत छापून प्रत्येकाच्या हाती द्या. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून आणि नागपूरच्या एम्समधून पावसाळ्याआधी आमच्या गावांत फिजिओथेरपिस्ट पाठवता आले तर पाहा. ज्येष्ठात दोन दिवसांचं शिबिर आषाढातल्या शेकडो कंबरा वाचवेल. फोनवर व्यायाम तपासता येतो, म्हणजे चौथी फेरी चुकणार नाही. फिजिओथेरपिस्टांना २०२१ च्या कायद्यानं स्वतंत्र दर्जा मिळालाय. आता तुम्ही आणि त्यांनी मिळून सरकारला सांगा की आयुष्मानमध्ये फिजिओथेरपी घ्या. आम्ही सांगितलं तर तो अर्ज होतो, तुम्ही सांगितलं तर ते मत होतं.

आणि एक चिठ्ठी शेतमालकासाठीही लिहा. मी स्वतः मालक आहे, म्हणून हक्कानं सांगतो. “दर वीस-पंचवीस मिनिटांनी सगळ्या रांगेनं एकदम ताठ व्हावं, मजुरी कापू नये,” असं डॉक्टरांच्या सहीचं वाक्य गावात माझ्या शब्दापेक्षा जास्त चालेल. यंदा आमच्या बांधीत आम्ही तसं केलं. रांग मोडली नाही, रोवणी ठरल्या दिवशी संपली.

त्या बाईंचं सांगायचं राहिलं. त्यांच्या पावलात ताकद होती, धोक्याची एकही खूण नव्हती. इथल्याच एका फिजिओथेरपिस्टनं तीन व्यायाम आणि चालणं सांगितलं, पहाटेचं शेण सुनेकडे न देता मुलाकडे दिलं. दहा-अकरा आठवड्यांत पोटरीतली कळ गेली. कंबर अधूनमधून धरते, तशी ती माझीही धरते. यंदा त्या रोवणीला आल्या. म्हैस गोठ्यातच आहे.

डॉक्टरसाहेब, पुढच्या आषाढात एक दिवस काढा. गोंदियाहून तासाभराचा रस्ता आहे. धुऱ्यावर उभं राहून दोन तास रोवणी पाहा आणि मग आम्हाला सांगा, या कमरेला काय करायचं. तुम्ही जे सांगाल ते आम्ही ऐकू.

आपला नम्र,
बालाघाटचा एक निवृत्त शिक्षक आणि धानउत्पादक शेतकरी